कारू यायला वेळ लागतो

हीउमा बेटावर नोव्हेंबरात
साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
त्या वेळी माझ्या बालवाडीत अकरा मुलं,
हीटरवर वाळत घातलेले ओले मोजे
आणि माझ्या मांडीवर ते पुस्तक,
कडेनं कुरतडलेलं, एका पानावर जॅमचा डाग.

मी चांगलं वाचते. असं मला वाटायचं.
आवाज चढवते, उतरवते,
तालिनला शिकताना त्याचं बक्षीसही मिळालेलं.
वाचत होते : रात्र झाली. बर्फ पडलं.
दारावर थाप पडली.
म्हातारीनं कडी काढली, बघते तर बाहेर कारू!
भलंमोठं, ओलं, तपकिरी अस्वल.

"चुकलं," इल्वे म्हणाली.
वय वर्षं चार, नाकाला सर्दी.
"कारू इतक्या लवकर येत नाही."

मी पुन्हा वाचलं. हळू.
"असं नाही. तो आधी बाहेर उभा राहतो."
मग तिनंच करून दाखवलं :
डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी,
ओठ उघडे, जीभ मागे कुठेतरी रुतलेली...
क्... क्...
क्...
मोज्यातलं पाणी ठिबकलं.
एकही पोर हललं नाही.
क्...
आणि मग तो आला, अख्खा, दार भरून.
हेन्नो टेबलाखाली जाऊन बसला.

तेव्हा कळलं, हिच्या घरी कोण वाचतं.

कौपो. बंदरावर फेरीबोटीचे दोर बांधतो.
शाळेत आम्ही एका वर्गात होतो.
हजेरीत त्याचं नाव आलं की मागच्या बाकांवरून
कोंबडे आरवायचे.
मीही हसले आहे. हे लिहून ठेवते.
स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अक्षरात पाय अडकतो त्याचा,
म्हणून अजून दुकानात तो बोटानं दाखवतो,
दवाखान्यात चिठ्ठी पुढे सरकवतो,
लेकीला न्यायला येतो तेव्हा
दारातूनच मान हलवतो, बस्स.

तो माणूस रोज रात्री मोठ्यानं वाचतो.
कुणी गळ घातली असेल?
की कुणीच नाही,
पोरगी पुस्तक घेऊन कुशीत शिरली, आणि झालं?
तिला कुठे ठाऊक, याला अडखळणं म्हणतात.

गुरुवारी पुस्तकांची गाडी आली.
इल्वेनं खालचा कप्पा सगळा उपसला.
जहाज नको. परी नको. हंस तर नकोच.
कास्स, म्हणजे मांजर, ते घेतलं.
किट्स, शेळी, तीही घेतली.
मग लाल तुऱ्याचा कोंबडा सापडला, कुक्क,
तशी ती ओरडलीच,
"बाबा, यात पुढेपण आहे आणि मागेपण!"

कौपोचे कान लाल झाले.
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी बुटांवरचं बर्फ झटकत राहिले,
नव्हतं तिथलंही.

गाडीवरची बाई नवीन होती.
"नाव?"
त्याचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला,
अर्ध्यातच थांबला.
त्यानं तोंड उघडलं.
मागे रांगेत आम्ही सहा जण, वारा,
आणि काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून
इल्वे त्या बाईला सांगत होती,
"थांबा हं. येतोय."