भरायचं बूच आधी

समीक्षा म्हणाली, बाबा, मागून कुणीतरी गुणगुणतंय.
चाळीसच्या पुढे गेलो की सुरू होतं,
पाय काढला की थांबतं.
मी काच खाली केली, पंखा बंद केला,
धायरी फाट्यापर्यंत रिकामी गाडी तीनदा नेली-आणली.
मला नाहीच.

अकरा वर्षं पाण्याचे जार वाहतोय,
धायरीतून बाणेर, बाणेरहून बावधन.
प्रत्येक चढावर हौद्यातले साठ जार
एकदम दात खातात.
त्यातला कुठला बारीक सूर
माझ्या कानातून कधी उतरून गेला
कळलं नाही.

रविवारी गल्लीतच घेतली पिकअप.
एक चक्कर मारून आणली आधी,
तेल कोमट असलं की बऱ्या बोलानं बाहेर येतं.
शेजारच्यांच्या फ्रिजचा पुठ्ठा अंथरला,
पुढच्या चाकांना विटा लावल्या.
कुंदानं परात दिली नाही.
रंगाचा डबा अर्धा कापून घेतला.

मागच्या दोन चाकांच्या मधे असतो तो गोळा,
मडक्याएवढा, चिखलानं लिंपलेला.
वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं,
आतल्याला कमी.
दोघांना एकाच दांड्यावरून जेवायला घालायचं
आणि आपापल्या चालीनं जाऊ द्यायचं,
एवढंच त्याचं काम. वाकून कुणी बघत नाही.
"मग सरळ रस्त्यावर?"
सरळ रस्ता पुण्यात कुठे आहे दाखव, म्हटलं.

तिनं खालच्या बुचाला पाना लावला.
थांब.
आधी वरचं. भरायचं बूच आधी सोडव.
एकोणिसाव्या वर्षी मी उलटं केलं होतं,
नाना पेठेत, गनीभाईंच्या शेडमध्ये.
तेल सगळं खाली, आणि वरचं बूच गंजून बसलेलं.
तीन दिवस दुसऱ्याचा टेंपो
रिकाम्या पोटी उभा.
गनीभाई ओरडले नाहीत. चहा मागवला,
म्हणाले, रिकामं करणं काय, कुणालाही जमतं.
पगार मात्र तीन दिवसांचा कापला.

पान्याला पाईप घातला, दोघांनी जोर लावला.
रॉकेल. हातोडीचे चार ठोके.
माझ्या तोंडून एक शब्द,
तो तिनं ऐकला नाहीसं केलं.
कटकन सुटलं.

मग खालचं.
काळं, जाड, नासक्या अंड्याच्या वासाचं,
डब्यात उतरलं दोरीसारखं,
मग दोऱ्यासारखं,
मग थेंब, बऱ्याच वेळानं अजून एक थेंब.
आम्ही पाठीवर पडून बघत होतो.
कॉलेज, मोबाईल, माझ्या पहाटेच्या खेपा,
इतका वेळ शेजारी नव्हतो किती दिवसांत.

बुचाच्या चुंबकावर करडी लव.
"बोटांत चोळ. टोचतंय?"
"नाही. काजळासारखं आहे."
म्हणजे दात शाबूत. झीज आहे, मोड नाही.
तिनं तेच बोट पुढे करून
माझ्या गालाला तीट लावली.

तांब्याचा नवा वॉशर.
नव्वद नंबरचं तेल, काकवीसारखं.
पावभाजीच्या गाडीवरची सॉसची लाल बाटली,
तिला फिश टँकची नळी.
ती दाबत राहिली, मी भोकाच्या काठाशी
करंगळीनं चाचपत राहिलो.
तेल काठावरून परत ओघळलं, तेव्हा म्हटलं बस.
याहून जास्त तो घेतच नाही.

संध्याकाळी नऱ्ह्याच्या सेवा रस्त्यावर
चाळीस. पंचेचाळीस.
पन्नास.
मला आधीही काही नव्हतं, आताही काही नाही.
ती डोळे मिटून बसलेली,
मान जरा मागे, हौद्याकडे.
मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. विचारत नाही.

"पुढे बघा, बाबा."