ओलं कुंपण

सान नदी नावासारखी सान नाही.
मार्चात बर्फ फुटला की पोलंडच्या या कोपऱ्यात
ती आमच्या पायरीपर्यंत येऊन बसते,
जाताना गाळ ठेवून जाते,
आणि त्या गाळात वाळुंज पेरायची नसते,
नुसती खोचायची.

पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब काडी,
अर्ध्याहून जास्त जमिनीत, डोळे वर.
पहिल्या दिवशी ओतिलियाने मला एवढंच शिकवलं
आणि एक गाजर दिलं.
गाजर खायला.

पानं गळली की कापणी.
बुंध्यालगत, एका घावात, तिरकी.
"दया दाखवलीस तर बिघडतं," ती म्हणायची,
"ठेवलेली फांदी फाटे फोडते,
आणि फाटे फोडणाऱ्याची टोपली होत नाही."
तिच्या शेतातले बुंधे चाळीस वर्षांचे,
दर हिवाळ्यात मुंडण,
दर उन्हाळ्यात पुन्हा माणसाच्या डोक्यावर.
चार जाती सरमिसळ लावते,
तांबेरा आला तरी सगळ्यांवर एकदम येऊ नये म्हणून.
किडे बादलीत झटकते, बादली कोंबड्यांपुढे.
शेवटची ओळ कापतच नाही.
थंडी सरता सरता भुंग्यांना
दुसरं काय असतं खायला?

कुंपणाची गोष्ट वेगळी.
सेवेरिन माझा नवरा, लुत्सियान त्याचा थोरला भाऊ.
बापामागे नासपतीच्या एका झाडावरून
बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली.
एका फेब्रुवारीत सेवेरिनने हद्द आखली,
ओतिलियाकडून ताजे फोक आणले,
खुंट ठोकले, छातीएवढं विणून काढलं.
ओतिलिया रस्त्यात थांबली.
"वाळवले नाहीस?"
"घाई आहे."
"बरं," म्हणाली, आणि हसली नाही.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मे महिन्यात खुंटांना डोळे फुटले.
जूनमध्ये सगळ्या विणीला पालवी.
ऑगस्टमध्ये कुंपण सेवेरिनहून उंच,
माझे टोमॅटो सावलीत, हिरवेच.
त्याने आपली बाजू छाटली.
पलीकडची पलीकडे वाढत राहिली,
लुत्सियानच्या कोबीवर ओणवी.
मग एका सकाळी त्याचा कोयता ऐकू आला.
माणूस दिसला नाही.
खच्च. खच्च. थांबणं. खच्च.

उपटायचं म्हणून सेवेरिनने कुदळ घेतली होती.
दोन हात खणलं, मुळं संपेनात,
सगळी नासपतीकडे निघालेली.
कुदळ तिथेच, अजून.

आता दर डिसेंबरात दोघं कापतात.
ठरवून नव्हे. पानं एकाच दिवशी गळतात, त्याला काय करणार.
पहिल्या वर्षी लुत्सियानने छाटलेलं
आमच्या अंगणात भिरकावलं.
दुसऱ्या वर्षी कुंपणावर एक जुडी ठेवलेली होती,
उंचीप्रमाणे लावलेली,
फोकाचाच पीळ देऊन बांधलेली.
सेवेरिन ती गाठ बघत उभा राहिला,
हातमोजा काढून बोट फिरवलं.
"ही बाबांची गाठ," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने, "सरळ आहेत फोक."
माझ्याशीच बोलला. भावाशी नाही.

मी ते वाळवले, मग भिजवले, फुटामागे एक दिवस,
रात्रभर ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवले.
आमच्या बाजूला ऊन, तिथली साल तांबूस,
त्याच्या बाजूची सावलीत वाढलेली, शेवाळी.
वीण वर चढत गेली तसे पट्टे आपोआप दिसू लागले.
ओतिलिया चष्मा पुसून म्हणाली,
"तळ वाकडा आहे."
होता.

सप्टेंबरात त्या टोपलीत नासपती भरल्या
आणि कुंपणावरून पलीकडे टांगली.
टोपली परत आली नाही.
सेवेरिन दोन आठवडे पुटपुटत होता.
ओतिलिया म्हणते, परत येणारी टोपली
लोकांनी वापरलेली नसते.

पहाटे अंड्यांच्या वेळेला
पलीकडून कडीची करकर येते,
वाकड्या तळामुळे जरा लंगडत.
मी खिडकी उघडी ठेवते, थंडी असली तरी.