सातांची पाळी

एव्होराचा हिशेबनीस म्हणाला, इदालिना, आधी यादी कर.
जे विकायचं ते कागदावर दिसलं पाहिजे.

म्हणून फेब्रुवारीभर मी मोजते आहे.
कुऱ्हाडी अकरा. दोघींचे दांडे नवे,
एकीचा बेल्मिरोच्या तळव्याने इतका झिजलाय
की दुसऱ्या कुणाच्या हातात ती तिरकी पडते.
शिड्या चार.
वजनकाटा एक, तीन किलोंनी चुकणारा,
कुणाच्या बाजूने ते आता आम्हालाही आठवत नाही.
ट्रॅक्टर, थंडीत रुसणारा.
गिऱ्हाईक येईल त्या दिवशी आधीच तापवून ठेवू, बेल्मिरो म्हणतो.
नको, म्हटलं. रुसू दे त्याच्यासमोर.
लग्नाआधी कळलेलं बरं.

पांढऱ्या रंगाचा डबा, अर्धा.
हा यादीत घालायचा का?

बुचाच्या ओकाची साल उतरवली
की उघड्या, लालभडक खोडावर
वर्षाचा शेवटचा आकडा रंगवायचा,
आणि मग नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही.
दर फेरीला आकडा एकाने उतरतो,
आठाचा सात, साताचा सहा.
माणूस तेवढा नऊ-नऊने चढतो.
यंदा सातांची पाळी.

गुडविल किती धरू? हिशेबनीसाने विचारलं.
ते कशात मोजतात?
लोक तुम्हालाच का बोलावतात, त्याची किंमत, तो म्हणाला.
मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
जमीन दोना झुल्मिराची. झाडंही तिचीच.
तिच्या आधी तिच्या सासऱ्याची.
आमचं काय होतं?
नऊ वर्षांनी त्याच फाटकातून
न बोलावता आत शिरणं,
आणि कुत्र्यांनी न भुंकणं.
लिहा, म्हटलं, तुम्हाला वाटेल ते.

पोन्ते द सोरचा तेल्मो घ्यायला तयार आहे.
बत्तिशीचा पोरगा, बूट स्वच्छ, बोलणं सरळ.
त्याला हवी आहे फक्त वडिलांची वही.
बाकीचं भंगाराच्या भावाने धरू, म्हणाला,
आणि लाजला.

वही त्याला वाचता येत नाही.
"वाकडीच्या पलीकडची तीन."
"कुत्री पुरली तिथून उजवीकडे, सोळा."
"अल्बानो पडला ते."
कुठली वाकडी, कुठली कुत्री, अल्बानो कोण,
हे आता मला ठाऊक आहे आणि बेल्मिरोला अर्धंमुर्धं.
म्हणून रात्री जेवणं झाली की
मी नव्या वहीत उतरवून काढते,
ओळीने, नकाशाच्या आकड्यांसह.
अल्बानोला खांब क्रमांक एकवीस करताना हात अडतो.
करते.

काल एकशेचाळिसावं पान.
एका झाडापुढे आकडाच नाही.
वडिलांच्या आडव्यातिडव्या अक्षरात नुसतं: इदालिना.

चौदा वर्षांची होते. पहिली कुऱ्हाड.
ती हाताने थांबवायची नसते, ते सांगत आले होते,
कानाने थांबवायची.
साल सुटते तेव्हा आवाज पोकळ होतो.
मला आवाज आला नाही. किंवा आला,
आणि मी जोरात होते.
धार आतल्या जिवापर्यंत गेली.
ते काही बोलले नाहीत. बाकीची साल स्वतः उतरवली,
आकडा रंगवला, पुढच्या झाडाकडे गेले.
वहीचं मला आज कळतं आहे, पाच फेऱ्यांनंतर.

सकाळी जाऊन बघून आले.
गुडघ्याच्या उंचीवर, जखमेच्या दोन्ही कडा
आत वळून मिटल्यात,
म्हातारीने दातांशिवाय ओठ मिटावेत तशा.
वर फिकट सात.

नव्या वहीत लिहिलं:
उतारावरचं, ओढ्याकडे तोंड. पाळी यंदा.
खाली जुनी जखम आहे, तिथे हळू.
मग "हळू" खोडलं.
तिथे ऐक.

रंगाचा डबाही घातला यादीत.
झाकण घट्ट बसत नाही,
तेही लिहिलं.