एका रात्रीचं शटडाउन

सव्वीस वर्षं पोलवर चढलो.
"लाइट कधी येणार?" या एका प्रश्नावर
माझं घर चाललं.
साहेबांना म्हटलं, शनिवारची रात्र सोडा,
लाइटच नाही अशा जागी जाऊन झोपतो.
साहेब म्हणाले, मग आपल्याच सेक्शनला थांबा की.

नव्या पेठेत गाजूलच्या पोराचं दुकान.
तंबू दाखवला त्यानं, छत्रीसारखा फटक्यात उघडणारा,
मिटताना मात्र आम्हा दोघांनाही मिटेना.
डोक्याला बांधायचा दिवा: चार्जिंगवर.
कॉफी दळायचं यंत्र, भरल्या वांग्याएवढं: तेही चार्जिंगवर.
बाळा, म्हटलं, बिनविजेचं काय आहे?
त्यानं दुकानभर नजर फिरवली
आणि खिळ्याला अडकवलेली सुतळी काढून दिली.

झोपायची पिशवी उणे पाचपर्यंत चालते म्हणाला.
आपल्याकडे पारा दहावर आला
तरी पेपरात फोटो येतो, शेकोटीसकट.
पिशवी राहू दिली. घरी चादर आहे,
मोराची. एक डोळा धुण्यात गेलाय त्याचा.
जड होईल काका, पाठीवर.
होऊ दे. क्लॅम्प, दोर आणि पाना घेऊन चढणाऱ्याला
वजनाचं काय सांगतोस.

फिल्टर शेजारच्या वडनालकाकूंचा,
पितळी, दोन मजली.
वर पूड, पुडीवर उकळतं पाणी, मग हात लावायचा नाही.
"मेल्लगा, मेल्लगा," म्हणत माझ्या हातात दिला,
जसं झोपलेलं मूल देतात.

बिया कुटायला घरातला खलबत्ता.
बायको म्हणाली, धुऊन न्या, कालच शेंगाचटणी कुटलीय.
मी धुतला.
तिच्या मते धुतला नाही.

हिप्परग्याच्या तलावाला, बाभळींच्या पल्याड
जागा धरली. फोन मुद्दाम घरी,
पिठाच्या डब्यामागे.
तीन दगड, मूठभर काटक्या.
वाऱ्यानं सात काड्या खाल्ल्या.
ड्युटीचं पिवळं हेल्मेट आडवं लावलं
तेव्हा कुठं ऐकला.
पातेलं उतरवायला ड्युटीचेच हातमोजे:
अकरा हजार व्होल्टला दाद न देणारे
दोन कप पाण्यापुढं हरले.
रबर करपल्याचा वास घेत पाणी ओतलं
आणि बसलो.

टप्.

वरचं पाणी खाली येतं.
ना फेज, ना न्यूट्रल,
ना कुणाच्या वशिल्यानं आधी त्यांच्या गल्लीत.

टप्.

पाण्यापलीकडे सोलापूर,
आभाळाच्या बुडाला लागलेलं, पिवळट.
आणि डोळ्यांदेखत त्यातला एक तुकडा विझला.
डावीकडचा, एमआयडीसीच्या अलीकडचा.
आमचाच.
हात खिशात गेला.
खिशात सुतळी.

इरण्णाची ड्युटी आज.
भाकरी अर्धी ठेवून उठला असेल.
शाळेमागची डीपी असणार,
तिचा जंपर सैल आहे,
हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं.

टप्.
आता शिडी लावली असेल.
टप्.
आता तोंडात टेस्टर, वर कुत्र्यांचा गोंगाट,
खालून कुणीतरी: अजून किती वेळ ओ?
टप्.
सांभाळून रे. मेल्लगा.

तीनशे बाराव्या थेंबाला तुकडा परत पेटला.
थोडा लुकलुकला, मग थांबला.
मी चादर ओढून घेतली
तेव्हा कळलं, मघापासून थंडी वाजत होती.

कॉफी कोमट झालेली.
दूध विसरलोच होतो, गुळाचा खडा टाकला.
पहिला घोट: लसूण.
मग शेंगदाणा. मग जिरं, पुसट.
कॉफी सगळ्यात शेवटी आली,
उशिरा, घाम पुसत,
वायरमनसारखी.

एवढा वेळ का लागला
म्हणून तिला कुणी काही बोललं नाही.