पितळेचा कीस

खारं वारं पेटीला सोसत नाही.
आचऱ्याच्या खाडीकाठी माझ्या बापाचं दुकान
त्या एका गोष्टीवर चाललं.
पाऊस सरला की भजनी मंडळांच्या पेट्या यायच्या
रिक्षातून, होडीतून,
एकदा तर बर्फाच्या टेम्पोतून, बांगड्याच्या क्रेटला टेकून.
भाता फाटलेला, सूर गंजलेले,
एकीत उंदरीण व्यालेली.

बाप सूर सोडवून कानाशी धरायचा,
नखाने टिचकवायचा,
कानस फिरवायचा एकदाच.
कागदावर पितळेचा कीस पडायचा,
आमटीत वरून घालायच्या मिठाहून कमी,
आणि तेवढ्याने स्वर हलायचा.
टोकाशी घासला की चढतो, म्हणायचा,
मुळाशी घासला की उतरतो.
आणि माणूस?
माका पेटीचा विचार.

निवतीचा विठू तांडेल आला त्या साली.
दोराने कापलेले तळवे, अंगाला डिझेलचा वास.
पेटी ठेवली, उभाच राहिला.
बापाने एकेक पट्टी दाबली.
मधल्या सप्तकातली एक काळी थरथरत होती,
ताप आलेल्या पोराच्या हनुवटीसारखी.
बापाने कानस उचलली.

"ह्यो ऱ्हवांदे असोच, मेस्त्र्यांनू.
बाकीचे करा. पैसे पुरे घ्या."

बाप, ज्याला शेजारच्या घरातली
बेसूर आरतीही जेवू द्यायची नाही,
त्याने कानस खाली ठेवली.
का, हे विचारलं नाही.
ती पट्टी मात्र पुन्हा एकदा दाबली, हळूच.
तांडेल दाराबाहेर बघत होता,
ओहोटी लागली होती, चिखलात खेकडे फिरत होते,
आणि त्याच्या पायाचा अंगठा
सिमेंटच्या लादीवर वर-खाली होत होता.

मी दहा वर्षांची. मला वाटलं, फुकट पैसे दिले.

आता बाप नाही. दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात.
परवा कणकवलीच्या स्टँडवर
सुरू होऊन उभ्या एसटीच्या खिडकीची काच
त्याच सुरात थरथरू लागली, अगदी तोच,
किंचित उतरलेला,
आणि माझा घसा दाटला.
शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली,
कोण गेलं का, असं हळूच विचारलं.

काय सांगणार.
दुःख होतं विठू तांडेलाचं, तेही कसलं ते माहीत नाही.
माझे होते फक्त कान.

गाडी हलली तशी काच गप्प झाली.
गिअर पडेपर्यंत मी
ड्रायव्हरवर चिडून बसले होते.