पहिला रकाना

मार्केट यार्डातल्या हळद सोसायटीच्या जुन्या फायली
नव्या मशीनवर उघडल्या,
तर प्रत्येक ओळीच्या डोक्याशी काहीतरी चिकटलेलं.
कुठे एक, कुठे शून्य, कुठे वजा,
बहुतेक ठिकाणी नुसतीच मोकळी जागा.

मी एक्याला रक्कम समजले.
शहाऐंशी सालच्या एका पानाच्या माथ्यावर
मागून ओढलेली शिल्लक होती चारशे बारा,
माझ्याकडे झाली एक हजार चारशे बारा.
कॅशियर म्हणाले, सांगलीत हे आता एकालाच कळतं.
खणभागात जा.

दस्तगीर तांबोळींनी प्रिंट डोळ्यांपासून लांब धरली.
"ह्यो रकाना वाचायचा न्हवं, पोरी.
ऐकायचा.
कागदावर ह्यो उमटतच न्हाई. मशीनला हुकूम हाय."

एक म्हणजे नवं पान.
कागद असा उसळायचा
की समोरच्या टेबलावरची चहाची बशी वाजायची.
शून्य म्हणजे मधे एक ओळ सोड.
वजा म्हणजे दोन सोड. "उणं काय न्हाई त्यात."
आणि मोकळी जागा?
"तीबी सांगतीच की. म्हणती, चल फुडं."

मग मी अधिकावर बोट ठेवलं.
चंपाबाई नेमगोंडा मगदूम
पाठोपाठच्या दोन ओळींत दोनदा आलेली,
दुसरीच्या आधी अधिक.
मी दोन खाती धरली होती.

ते हसले. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर
पेन्सिलीनं नाव लिहिलं,
कागद अंगठ्यानं दाबून धरला
आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा पेन्सिल फिरवली.
"कागद हलू द्यायचा न्हाई. त्याच ओळीवर दुसरा ठोका.
बाई एकच. ठळक."

प्रिंटर पुरात गेला.
त्याच्या पोटातली पट्टी मात्र यांनी आधीच काढून आणलेली,
दोन्ही टोकं चिकटवलेली, कागदी, कडेला भोकं.
ह्या भोकावर यायचं की पानाचा माथा सापडायचा.
ती आता नातीच्या मनगटात होती,
सैल, सारखी कोपरापर्यंत घसरणारी.

निघताना त्यांनी विचारलं,
"आन् शेवटचं एक? ते ठेवलंस न्हवं?"

प्रत्येक फायलीच्या तळाला एक होतं,
पुढे काही नाही.
मी रिकामी ओळ म्हणून सगळीकडून पुसलं होतं.

"नायतर शेवटचं पान मशीनच्या तोंडातच ऱ्हातंय.
फाडाय गेलं की एकूण बेरीज मधनं फाटती."

ऑफिसात आले.
चारशे बाराचे चारशे बारा केले.
चंपाबाईंना एका ओळीत आणलं.
आता मशीनला तोंड नाही, कागद कुठे अडकत नाही,
तरी एकेका फायलीच्या तळाशी जाऊन
ते एक परत टाकत बसले.

शेवटी एक कोरं पान येतं.
येऊ दे.