मधलं चित्र

जेलरोडवर, चौकसेंच्या दुकानात,
लोकेश रिमोट छडीसारखा धरून सांगतो:
एकशेवीस हर्ट्झ, मॅम. एकदम मक्खन.
पडद्यावर एक पोपट उडतो,
पिसं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ.
मला पोपट नको आहे.
मी म्हणते, टेबल टेनिस लाव.

बावीस वर्षं मी मुलांना सर्व्हिस शिकवते.
चेंडूचं वजन तीन ग्रॅमसुद्धा नाही.
रबराला टेकतो, सुटतो,
तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.
घरच्या टीव्हीवर त्याला शेपूट फुटतं
आणि हर्षिता विचारते, मॅम, कट होता की टॉप?
मी अंदाजानं सांगते.
ती वहीत लिहून घेते.
हे लिहून घेणंच मला रात्री टोचतं.

लोकेश मॅच लावतो.
चेंडू तुपातून आल्यासारखा येतो, शेपूट जवळजवळ नाहीच.
एकोणीस हजार जास्त. मी मनात एफडी मोडूनही टाकते.
मग सवयीनं फोन काढते, पडद्याचंच स्लो मोशन घेते,
बोटानं मागे-पुढे सरकवत बघते.
एका चित्रात चेंडू बॅटच्या आत.
अर्धा. कडेनं विरघळलेला.
असा चेंडू मी जन्मात पाहिलेला नाही.

हे कुठून आलं रे?

लोकेश इकडेतिकडे बघतो. भला मुलगा आहे.
मॅच येते सेकंदाला पन्नास चित्रांचीच, मॅम.
दर दोन चित्रांच्या मध्ये
एकेक टीव्ही आपल्या मनानं काढतो.
आधीचं बघतो, नंतरचं बघतो,
मधलं ठरवून टाकतो.

म्हणजे माझ्यासारखाच, मी म्हणते.
त्याला कळत नाही. तो घाईनं सांगतो,
मेनूत जाऊन बंद करता येतं.
करून दाखवतो. शेपूट थोडं परत येतं, पण खरं.
शेजारच्या खोक्यावर दोनशेचाळीस छापलंय,
त्याच्याखाली, मुंगीच्या अक्षरात, पॅनेल साठ.
पन्नासला साठ पुरतात का?
पुरतात, तो हळूच म्हणतो, गल्ल्याकडे पाठ करून.
गेम खेळणारं कोणी असेल घरी, तर मात्र...
नाही, कोणी नाही.

साठचा घेतला. टेम्पोवाल्यानं दोनशे मागितले,
दीडशेवर आला.

संध्याकाळी हर्षिता, तोच पॉइंट, तोच प्रश्न.
मी म्हणते, दिसलं नाही.
ती पेन तसंच धरून
जरा वेळ माझ्याकडे बघत राहते.
मग बॅट शोधायला उठते.